कन्हानचं सर्कल : मुकद्दमापासून चिठ्ठीपर्यंत

निवडणुकीचं वारं सुटलं की आमच्या कन्हान-कामठीच्या पट्ट्यात कोणी आधी उमेदवाराचं नाव विचारत नाही. पानठेल्यावर पहिला सवाल येतो, "काऊन बे, सर्कल कोणाचं निघालं?" निघालं म्हणजे चिठ्ठीतून निघालं. महिलेचं निघालं, ओबीसीचं निघालं, एस.सी.चं निघालं. पश्चिम महाराष्ट्रात त्याला गट म्हणतात, कायद्यात निवडणूक विभाग म्हणतात. आमच्या तोंडात सर्कलच बसलं आहे, आणि हा इंग्रजी शब्द इथं काल-परवा आलेला नाही. त्याच्या पोटात शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब आहे. तो हिशेब आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. आपण पुणे करार तारखेसकट पाठ करतो, पण आपल्या वस्तीवरून गेलेली रेघ कोणी ओढली हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून हे लिहितो आहे. रात्रपाळीतून आल्यावर जमेल तसं लिहिलं आहे, तेव्हा भाषा थोडी खडबडीत वाटेल, सांभाळून घ्या.

आपला मुलूख तेव्हा मध्यप्रांतात. १८६० नंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावाचे मालकच करून टाकलं. सारा गोळा करणारा माणूस जमिनीचा धनी झाला. मग १८८३ साली मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा आला. लॉर्ड रिपनचं नाव त्यासाठी शाळेच्या पुस्तकात मोठ्या प्रेमानं घेतात. या कायद्यानं तहसिलीला लोकल बोर्ड आणि जिल्ह्याला डिस्ट्रिक्ट कौन्सिल दिलं. गावांचे गट पाडले, त्यांना सर्कल म्हटलं. सर्कलमधून एक माणूस बोर्डावर जायचा. आता त्याला निवडणार कोण? गावचे मुकद्दम. सर्कलमधल्या गावांचे मुकद्दम एकत्र बसायचे आणि आपल्यातला एक पाठवायचे. व्यापाऱ्यांसाठी वेगळ्या जागा, बाकीचे सरकारनं नेमलेले. म्हणजे स्वराज्य आलं ते मालगुजार, मुकद्दम आणि सावकार यांच्या ओसरीपर्यंत आलं. नांगर धरणाऱ्या कुणब्याला मत नव्हतं, तेल्याला नव्हतं, गोंडाला नव्हतं. महाराची तर गोष्टच सोडा.

पण महार त्या व्यवस्थेच्या बाहेर होता असंही नाही. आपल्याकडे गावचा कोतवाल पुष्कळ ठिकाणी महार असायचा. मुकद्दमाच्या हाताखाली राबणं, दवंडी देणं, जन्ममृत्यूची खबर ठाण्यात पोचवणं, साहेब आला की पळत जाणं. सर्कलचा सारा कारभार त्याच्या पायांवर चालायचा. पाय आमचे, मत मुकद्दमाचं. हा कोतवाल लक्षात ठेवा, तो पुढं पुन्हा भेटणार आहे.

१९२० साली कायदा बदलला, मतदार थोडे वाढले. त्याच सुमारास प्रांतिक कौन्सिलात अस्पृश्यांचे माणसं सरकार नेमू लागलं. गणेश आकाजी गवई असेच नेमलेले. नेमणुकीचं दुखणं साधं आहे. ज्यानं नेमलं त्याच्याकडं तोंड करून बसावं लागतं. बाबासाहेबांनी १९१९ सालीच साउथबरो कमिटीपुढं सांगितलं होतं की आम्हाला नेमणूक नको, आमची माणसं आम्ही निवडू. वय तेव्हा सत्तावीस. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं आज तेच वय आहे.

आता पूल ओलांडून कामठीला जाऊ. कन्हान नदीच्या या काठाला आपलं गाव, त्या काठाला कामठी. कामठी १८२१ पासूनची लष्करी छावणी. छावणीमुळं तिथं रोख पैशाची कामं आली, विड्यांचे कारखाने आले, गावकीच्या दाव्यातून सुटलेला महार तिथं येऊन राहिला. तिथंच ६ जानेवारी १९०४ ला हरदास लक्ष्मण नगराळे जन्मले. आपण त्यांना बाबू हरदास म्हणतो. सतराव्या वर्षी, १९२१ साली, नागपुरात 'महारठा' नावाचं साप्ताहिक काढलं. कामठीत रात्रीच्या शाळा चालवल्या, चोखामेळ्याच्या नावानं वाचनालय काढलं, विडी कामगारांची संघटना बांधली. 'जोहार' आणि 'रामराम' टाकून 'जय भीम' म्हणा, असं त्यांनीच पोरांना सांगितलं. आज दुनियाभर लोक जय भीम म्हणतात, पण तो शब्द आपल्या नदीच्या काठचा आहे हे कन्हानच्याच कित्येक पोरांना माहीत नाही.

१९३२ साली प्रश्न उभा राहिला तो असा : अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोणी निवडायचा? अस्पृश्यांनीच, का सगळ्यांनी मिळून? त्या फेब्रुवारीत एम. सी. राजा आणि नागपूरचे डॉक्टर मुंजे यांच्यात करार झाला. जागा राखीव ठेवा, पण मतदारसंघ संयुक्त ठेवा, हे त्याचं सार. गवई राजांच्या बाजूला होते. म्हणजे भांडण आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच घरात पेटलं. त्याचं उत्तर कामठीत दिलं गेलं. ७ मे १९३२ रोजी अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद कामठीला भरली. अध्यक्ष मद्रासकडचे मुनीस्वामी पिल्ले. बाबासाहेब आले होते. हरदास आणि त्यांचे कामठीचे सोबती राबत होते. मे महिन्यातलं विदर्भाचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. परिषदेनं राजा-मुंजे करार धुडकावला आणि स्वतंत्र मतदारसंघ मागितला.

ऑगस्टमध्ये मॅकडोनाल्डचा निवाडा आला. स्वतंत्र मतदारसंघ मिळाला. मध्यप्रांताच्या वाट्याला १० जागा. २० सप्टेंबरला गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. मध्यप्रांताच्या जागा १० च्या २० झाल्या. आकडा दुप्पट झाला म्हणून आजही काही लोक पुणे कराराला आपला फायदा म्हणतात. ते जागा मोजतात. ती जागा कोणाच्या मतानं भरली जाते, हे मोजत नाहीत.

कराराची यंत्रणा नीट समजून घ्या. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार माणसांचं एक पॅनल निवडायचं. मग त्या चारांतून एक जण सगळ्या मतदारांनी निवडायचा, सवर्ण आणि अस्पृश्य मिळून. समजा, एका मतदारसंघात शंभर मतदार आहेत, त्यातले वीस आपले. आपल्या वीसांपैकी पंधरांनी अ ला मत दिलं. ब, क, ड यांना उरलेली पाच मतं कशीबशी मिळाली. चौघंही पॅनलवर आले. आता ऐंशी सवर्णांना ब आवडला. ब पंच्याऐंशी मतांच्या आसपास घेऊन निवडून येतो, आणि अ, ज्याला आपण निवडलं होतं, पंधरा-वीसांत घरी बसतो. कागदावर ब आपला प्रतिनिधी. त्याला पाठवलं दुसऱ्यांनी. आणि पॅनलची ही आधीची फेरीसुद्धा दहा वर्षांपुरतीच होती.

स्थानिक संस्थांबद्दल, म्हणजे आपल्या सर्कलबद्दल, करारात काय होतं? एक कलम होतं. लोकल बोर्डाच्या निवडणुकीत किंवा सरकारी नोकरीत केवळ अस्पृश्य म्हणून कोणाला अडवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. किती जागा, कोण भरणार, काही नाही. गावापाशी येऊन करार बोलायचा थांबला. बाबासाहेबांना ते दिसत होतं. त्याच १९३२ च्या ऑक्टोबरात मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतीचं बिल आलं तेव्हा ते विरोधात उभे राहिले. गावात आमचे लोक मूठभर आणि परावलंबी. खास प्रतिनिधित्वाशिवाय पंचायतीच्या हाती सत्ता देणं म्हणजे आम्हाला त्यांच्या हाती देणं, हा त्यांचा मुद्दा होता.

१९३५ च्या कायद्यानं मताचा हक्क वाढला तरी तो सगळ्यांना नव्हता. सारा, कर, घर, शिक्षण, कशाची तरी अट होतीच. आमच्यातल्या बहुतेकांकडे यातलं काही नाही. मग मध्यप्रांत-वऱ्हाडसाठी अनुसूचित जातींना एक खास सवलत घातली : कोतवार, जागल्या किंवा गावकामगार महार म्हणून जो कामावर असेल त्याला मत. सांगितलं होतं ना, कोतवाल पुन्हा भेटेल म्हणून. ज्या गुलामीच्या कामातून सुटायला बाबासाहेब महार वतनाविरुद्ध बिलं आणत होते, तीच गुलामी इथं मतदार व्हायची लायकी ठरली. गावकीचं काम सोडून खाणीत, गिरणीत गेलेल्या माणसाला दुसरी अट पुरी करावी लागायची. दवंडी देणाऱ्याला मत आयतं. कायदा लिहिणाऱ्यानं कदाचित चांगल्या मनानं लिहिलं असेल, गड्या, पण मला ते वाचताना हसू आलं आणि मग झोप आली नाही.

१९३७ ची निवडणूक झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा, त्यांतल्या २० आपल्यासाठी राखीव. बाबू हरदास स्वतंत्र मजूर पक्षाकडून नागपूर-कामठी मतदारसंघात उभे राहिले आणि निवडून आले. प्रांतात काँग्रेसची लाट होती, बहुमत तिचंच आलं. त्या चाळणीतून विडी कामगारांचा माणूस वर येणं ही साधी गोष्ट नव्हती. माझ्या मते याचं कारण मतदारसंघाच्या रचनेत कमी आणि त्याआधीच्या पंधरा वर्षांत जास्त आहे. रात्रीची शाळा, वाचनालय, युनियन, साप्ताहिक, हे सगळं निवडणुकीच्या फार आधी उभं होतं. आज आपण फॉर्म भरायच्या आदल्या रात्री पॅनल बनवतो.

हरदासांना पाच वर्षं मिळाली नाहीत. क्षयानं त्यांना खाल्लं. विडीच्या धंद्यातल्या माणसांना तो रोग नवा नव्हता. १२ जानेवारी १९३९ ला ते गेले. वय पस्तीस. कन्हान नदीच्या काठावर त्यांना अग्नी दिला, तिथंच त्यांची समाधी आहे, आणि दर जानेवारीत तिथं मेळा भरतो. नागपूर-कामठी नावाचा तो राखीव मतदारसंघ पुढं कायद्यासकट संपला. नकाशा कुठंतरी दप्तरात पडला असेल.

संयुक्त मतदारसंघाचं विष नीट दिसलं ते १९४६ ला. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन उभं राहिलं होतं. १९४६ च्या निवडणुकीत आपल्या लोकांच्या फेरीत फेडरेशनची माणसं पुढं होती आणि शेवटच्या फेरीत जवळजवळ सगळीकडं पडली. वरचा अ-ब चा हिशेब खरा झाला. म्हणून त्या साली पुण्यात आणि नागपुरात फेडरेशननं विधिमंडळापुढं सत्याग्रह केला. नागपूरच्या सत्याग्रहात आपल्या मोहल्ल्यांतली, खेड्यांतली माणसं तुरुंगात गेली. तुमच्या वस्तीत कोणाच्या आज्यानं तो तुरुंग पाहिला असेल तर त्या घरात जाऊन लिहून घ्या. ते कागदावर आलं नाही तर गेलं.

स्वातंत्र्य आल्यावर सर्कलचं काय झालं? १९४८ साली द्वारकाप्रसाद मिश्रांच्या पुढाकारानं मध्यप्रांत-वऱ्हाडात नवा कायदा आला आणि जुनी लोकल बोर्डं, डिस्ट्रिक्ट कौन्सिलं जाऊन तहसिलीला जनपद सभा आली. कन्हान तेव्हा रामटेक तहसिलीत. जनपद हा शब्द बुद्धाच्या काळचा, ऐकायला गोड. पण १९४८ च्या त्याच नोव्हेंबरात बाबासाहेब घटना समितीत उभे राहून खेड्याबद्दल काय बोलले ते आठवा. ज्या खेड्याला देशातले मोठमोठे लोक लोकशाहीचा पाळणा म्हणत होते, त्याला त्यांनी अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा म्हटलं. मालगुजारी १९५१ साली गेली, कागदावरून गेली. मालगुजाराचा वाडा, विहीर आणि त्याची उधारी तिथंच राहिली. जनपद सभेतही त्या वाड्यातली माणसं दिसावीत यात नवल नव्हतं. आपलं गाव एक पाऊल हललं नाही, पण पत्ता बदलत राहिला : मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ पासून मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जनपद सभा इतिहासजमा झाली. आज साठीच्या आतल्या माणसाला तो शब्दच माहीत नाही.

मधल्या काळातली एक गोष्ट सर्कलपेक्षा मोठी आहे, पण ती कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. १९५२ आणि १९५७ साली दुहेरी मतदारसंघ होते. एकाच मतदारसंघातून दोन माणसं, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेब राखीव जागेवर काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी पडले. तेव्हापासून 'मतं कुजवणं' हा शब्द आपल्या राजकारणात आला. म्हणजे एक मत आपल्या माणसाला द्यायचं आणि दुसरं अशा पेटीत टाकायचं की ते कोणाच्याच कामी येऊ नये. मे १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. कन्हानहून भंडारा काय दूर आहे? सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले, आणि राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांवर मतांनी हरले. घटना लिहिणारा माणूस राखीव जागेवरच दोनदा पडला. राखीव जागा कोणाच्या हातात असते हे यापेक्षा जास्त कसं सांगणार?

म्हणून १९५५ च्या ऑगस्टमध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीनं मुंबईत ठराव केला की लोकसभा, विधानसभा, नगरपालिका, जिल्हा आणि लोकल बोर्डं, सगळीकडच्या राखीव जागा बंद करा. बाबासाहेब हयात असताना केलेला ठराव आहे हा. आपल्या व्याख्यानांतून तो का ऐकू येत नाही? कारण प्रत्येक गटातटाला आता एखादी राखीव जागा हवी आहे. मी स्वतः त्या ठरावाशी पुरता सहमत नाही. खेड्यात राखीव जागा उठवली तर आपल्या माणसाला पंचायतीच्या दारात कोण उभं करील? पण ठराव ज्या अनुभवातून आला तो विसरून चालणार नाही. दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं गेले. १९८२ साली, पुणे कराराच्या पन्नासाव्या वाढदिवशी, कांशीराम यांनी 'चमचा युग' हे पुस्तक काढलं. शब्द कडक आहे, पण वरचं गणित आणि त्यांचं म्हणणं एकच.

आणि मग १९५६. १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली. कन्हान, कामठी, टेकडी बंगला, खाणींच्या चाळी, सगळीकडून माणसं पायी गेली. परत आली ती बौद्ध होऊन. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जात म्हणजे हिंदूच, नंतर शीख जोडले. बौद्ध १९९० साली जोडले. मधली चौतीस वर्षं बघा : लोकसभेच्या, विधानसभेच्या राखीव जागेवर उभं राहायचं तर कागदावर बौद्ध लिहिता येत नव्हतं. महाराष्ट्र सरकारनं १९६० नंतर शिक्षण-नोकरीत नवबौद्धांना सवलती दिल्या, पण घटनेतली राखीव जागा राज्याच्या हातात नव्हती. घरात बुद्धवंदना आणि दाखल्यावर हिंदू महार. ज्यांनी लाजत हे केलं त्यांना मी नावं ठेवत नाही. पण राखीव जागेवर कोण पोचायचा, आणि धर्मांतराच्या बाजूनं ठाम उभा राहणारा कसा आपोआप गळायचा, हे यातून कळतं. आजही पक्ष तिकीट देताना 'बौद्ध की हिंदू दलित' हे बोटांवर मोजतात. ते मोजणं तिथून आलं.

या काळात कन्हान खेडं राहिलं नाही. रेल्वेचं स्टेशन, रामटेकचा फाटा, फेरो अलॉयची भट्टी, चहा-कॉफीचा कारखाना, आणि सगळ्यांवर कोळसा. खाणी १९७३ ला सरकारी झाल्या, १९७५ ला वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. छत्तीसगड, उत्तर प्रदेश, बिहारकडची माणसं चाळींत राहू लागली. नागपूर शहर आपल्या नदीचं पाणी पितं आणि आपल्या नळाला मात्र उन्हाळ्यात खोकला लागतो. मतदार यादी फुगली, बुद्धविहारं वाढली, तरी कारभार खेड्याचाच. २०११ च्या जनगणनेत कन्हान (पिपरी) हे जनगणनेचं शहर. म्हणजे मोजायला शहर, चालवायला ग्रामपंचायत.

जिल्हा परिषदेचं सर्कल कसं बनतं ते आता बघा, कारण १९९३ पासून खेळ बदलला. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा, त्यांत बायकांचा वाटा, आणि फिरतं आरक्षण. महाराष्ट्रात बायकांचा वाटा २०११ साली निम्मा झाला. १९३७ ची जागा एका जागी खिळलेली होती. ही जागा फिरते. फिरतीमुळं एक चांगली गोष्ट झाली, ती मान्य करायला हवी : ज्या गावात आमच्या बाईला विहिरीवर उभं करत नव्हते तिथल्या पाटलाला तिच्या सहीसाठी थांबावं लागलं. वाईट हे की ती सही शिकेपर्यंत सर्कल दुसऱ्याचं निघतं. पाच वर्षं राबलेल्या कार्यकर्त्याला चिठ्ठी सांगते, आता घरी बस. मग पक्षवाला हात जोडणारा नवा माणूस शोधतो. मुकद्दमाला हे अगदी पटलं असतं.

पुढं कन्हान-पिपरीची नगरपरिषद झाली आणि गाव जिल्हा परिषदेच्या नकाशावरून उठलं. नगरपरिषद झाली की ते क्षेत्र जिल्हा परिषदेतून बाहेर पडतं, आजूबाजूच्या गावांची नवी जुळणी होते. शेजारचं टेकाडी सर्कल म्हणून राहिलं. कन्हानचा माणूस आता प्रभागात मत देतो. प्रभागातून दोन नगरसेवक, जागा अ आणि जागा ब. १९५२ च्या दुहेरी मतदारसंघाची सावली वाटते, पण फरक आहे. तेव्हा सगळे उमेदवार एकाच कढईत होते, राखीव उमेदवार जास्त मतं घेऊन सर्वसाधारण जागाही जिंकू शकत होता. आता अ ची लढत वेगळी, ब ची वेगळी. कुजवायची सोय कमी झाली. पण प्रभाग मोठा झाला, खर्च मोठा झाला, आणि चार गल्ल्यांतून निवडून येऊ शकणारा आपला माणूस आठ गल्ल्यांत पुरेनासा झाला.

टेकाडीचंच बघा. तिथून निवडून आलेल्या रश्मी बर्वे २०२० साली नागपूर जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. रामटेक लोकसभा, जिनं १९८४ आणि १९८९ ला नरसिंहरावांना निवडून दिलं, २००९ पासून अनुसूचित जातीला राखीव आहे. २०२४ ला बर्वे काँग्रेसच्या उमेदवार झाल्या. मार्चअखेर पडताळणी समितीनं जातीचा दाखला रद्द केला, उमेदवारी अर्ज बाद झाला, त्यांचे पती श्यामकुमार बर्वे उभे राहिले आणि खासदार झाले. सप्टेंबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं समितीचा निर्णय रद्द केला. तोवर निवडणूक होऊन गेली होती. कोणत्या पक्षाचं चुकलं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी एवढंच बघतो की राखीव जागेच्या दारावर मतदाराच्या आधी एक कागद उभा असतो, आणि तो कागद कधी तपासला जाईल हे मतदाराच्या हातात नसतं.

त्याआधी २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकूण आरक्षण निम्म्यावर जाऊ शकत नाही म्हणून नागपूरसह काही जिल्हा परिषदांतल्या ओबीसी जागा रद्द केल्या. नागपुरात ५८ पैकी १६. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली. ओबीसी भाऊ तेव्हा पहिल्यांदा आपल्यासारखे नकाशा आणि टक्के यांवर बोलू लागले. त्यांच्यासोबत बसायची ती वेळ होती. आपण बसलो नाही. २०२५ च्या जानेवारीत परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसला. त्याच साली ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं आरक्षण फिरवण्याचे १९९६ चे नियम काढून नवे आणले. नव्या नियमांनंतरची पहिली निवडणूक हीच फिरतीतली पहिली धरायची, म्हणजे चक्र पुन्हा शून्यावर. लोक न्यायालयात गेले, आव्हान टिकलं नाही. कोणत्या सर्कलला आधी आरक्षण मिळालं होतं, कोणाचा नंबर राहिला होता, हा तीस वर्षांचा हिशेब एका पानात पुसला गेला.

आता रेघ कशी ओढतात तेवढं सांगून थांबतो. प्रभाग किंवा सर्कल पाडायला उत्तरेकडून सुरुवात करतात, तिथून ईशान्य, पूर्व, मग पश्चिमेकडं वळत दक्षिणेला संपवतात. आधार जनगणनेचा, आणि जनगणनेचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे प्रगणक गट. तो फोडायचा नसतो. अनुसूचित जातीच्या वस्त्या शक्यतो विभागू नयेत असं आयोगाच्याच सूचनेत आहे. 'शक्यतो' या शब्दावर सगळं चालतं. नाल्याच्या या बाजूची आपली वस्ती एका प्रभागात आणि त्या बाजूची दुसऱ्यात टाकली की दोन्हीकडं आपण थोडे. दोन्ही प्रभागांत अनुसूचित जातीची टक्केवारी खाली घसरते. आणि राखीव जागा ज्या प्रभागात टक्का जास्त तिथून उतरत्या क्रमानं ठरत असल्यानं दोन्ही मागं पडतात. प्रारूप रचना प्रसिद्ध होते, हरकतीला थोडे दिवस मिळतात, मग सुनावणी. हरकतीत "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहिलं तर ती फाईलला लागते. प्रगणक गटाचा नंबर, त्यातली एकूण लोकसंख्या, अनुसूचित जातीची लोकसंख्या, जवळचा नाला-रस्ता, आणि तो गट शेजारच्या प्रभागात टाकला तर दोन्हींची बेरीज किती होते, हे लिहिलं तर सुनावणीत उत्तर द्यावं लागतं. हे आकडे नगरपरिषदेच्या फलकावर प्रारूपासोबतच लावलेले असतात. फलक बहुतेक वेळा जिन्याखाली असतो.